टॅबवर ब्राउझरमधून व्हॉट्सॲप: आईला जमेल का?

सांजवात | ५ डिसेंबर २०२५, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. तांत्रिक प्रश्न आहे, पण त्यात थोडं घरगुती पुराणही येईल, सांभाळून घ्या.

आई मिरजेत एकटी असते, वय ७१. ऑगस्टमध्ये दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. लांबचं आता छान दिसतं, कोपऱ्यावरच्या रिक्षाचा नंबरसुद्धा वाचते. जवळच्याला मात्र चष्मा लागतो आणि तो चष्मा कायम देवघरात असतो. फोनमधली अक्षरं मोठी करून दिली, तर एका ओळीत तीन शब्द मावतात आणि ती वैतागते.

माझी भाची शिकायला कॅनडाला गेली, जाताना तिचा दहा इंची अँड्रॉइड टॅब आईला देऊन गेली. त्यात सिम बसत नाही, फक्त वायफाय. वाटलं, झालं काम, यावर व्हॉट्सॲप टाकू. पण प्ले स्टोअर भाचीच्या खात्यावर, पासवर्ड ती विसरली, त्या खात्याला जोडलेला नंबरही बंद. म्हणजे ॲप टाकता येत नाही. मग ब्राउझरमधून वेब व्हॉट्सॲप उघडून पाहिलं, तर 'ॲप डाउनलोड करा' असं सांगणारं पान येतं. क्यूआर कोड दिसतच नाही.

मी पुण्यात. पुढच्या शनिवारी मिरजेला जाणार आहे. त्याआधी कोणी सांगेल का, टॅबच्या ब्राउझरमध्ये हे चालतं का? आणि आईच्या वयाच्या माणसाला झेपतं का?

---

ढवळ्या_पवळ्या | रात्री ९:३०

चालतं. शुभ सकाळचं फूल दहा इंचात बघायची मानसिक तयारी मात्र ठेवा.

---

उंबरठा | रात्री ९:५१

चालतं. तो टॅब 'मी मोबाइल आहे' असं सांगतोय, म्हणून साइट तुम्हाला ॲपच्या पानावर ढकलते. त्याला 'मी कॉम्प्युटर आहे' असं म्हणायला लावायचं.

क्रोम उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके, त्यात 'डेस्कटॉप साइट'वर खूण करा. मग पत्त्याच्या जागी वेब डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉम असं पूर्ण टाइप करा. गूगलवर शोधून पहिल्या लिंकवर जाऊ नका, तिथे भलतंच काहीही येतं. क्यूआर कोड दिसला की आईंच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये तीन ठिपके, लिंक्ड डिव्हायसेस, लिंक अ डिव्हाइस, आणि टॅबची स्क्रीन फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरा. पहिल्यांदा जुने मेसेज उतरायला वेळ लागतो, तोवर फोन चालू राहू द्या.

फोनचा कॅमेरा धूसर असेल तर क्यूआरच्या खालीच नंबर टाकून जोडायचा पर्याय असतो. टॅबवर आठ अक्षरांचा कोड येतो, तो फोनमध्ये टाकायचा. हा कोड फोनवरून कोणालाही वाचून दाखवायचा नाही, हे आईंना दहा वेळा सांगा.

---

काथ्याकूट | रात्री १०:०५

मूळ प्रश्नच चुकलाय. बँकेचा ओटीपी फोनवर, गॅसचं बुकिंग फोनवर, नातवाचा व्हिडिओ कॉल फोनवर, आणि फक्त व्हॉट्सॲप टॅबवर? म्हातारपणी दोन-दोन यंत्रं कशाला? त्यापेक्षा चष्म्याला दोरी लावा आणि गळ्यात घाला. खर्च चाळीस रुपये.

---

सांजवात | रात्री १०:१४

@उंबरठा, खूप आभार, तसंच करून बघते.

@काथ्याकूट, दोरी आणलेली आहे. ती दोरीसकट चष्मा देवघरात ठेवते.

---

ढवळ्या_पवळ्या | रात्री १०:१६

मग टॅबच देवघरात ठेवा.

---

मास्तर_झेडपी | ६ डिसेंबर, सकाळी ६:४०

आमच्या शाळेला एका संस्थेने दिलेले टॅब आहेत. मुलांनी खेळ टाकू नयेत म्हणून नवीन ॲप टाकायला कुलूप. पण केंद्रप्रमुखांचे सगळे निरोप, तक्ते, 'आज दुपारी दोनपर्यंत माहिती भरा' वगैरे व्हॉट्सॲपवरच येतात आणि पाच इंची फोनवर एक्सेलचा तक्ता वाचणं म्हणजे तांदळावरचा श्लोक वाचणं. म्हणून गेलं दीड वर्ष मी टॅबच्या ब्राउझरमध्येच व्हॉट्सॲप वापरतोय. अनुभव लिहितो.

एक म्हणजे टॅब आडवा धरा. उभा धरला तर डावीकडे नावांची यादी आणि उजवीकडे बोलणं एकमेकांना चेंगरतात.

दुसरं, आणि सांजवाततै, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं: डेस्कटॉप साइट केली की अक्षरं बारीक होतात! ते पान मोठ्या मॉनिटरसाठी बनवलेलं असतं, ते दहा इंचात कोंबलं जातं. तुम्ही मोठ्या अक्षरांसाठी टॅब घेताय आणि आई म्हणेल की फोनच बरा होता. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आहे, त्यात झूम वाढवा. मी १५० टक्क्यांवर ठेवतो. चिमटीने मोठं करू नका, पान इकडे-तिकडे पळतं आणि लिहायची चौकट नेमकी दिसेनाशी होते.

'डेस्कटॉप साइट' दर वेळी करायला लागू नये म्हणून साइट सेटिंग्जमध्ये ती कायमची चालू करता येते. आणि त्याच तीन ठिपक्यांतून 'होम स्क्रीनवर जोडा' करून ठेवा, म्हणजे आईला पत्ता टाइप करायला नको.

तिसरा मुद्दा चार्जरचा. पण तो आमच्या शाळेचा खासगी प्रश्न आहे. एक चार्जर, अकरा टॅब.

---

तिरफळ | सकाळी ८:२२

मास्तर, 'तांदळावरचा श्लोक' आवडलं.

आयपॅडवाल्यांसाठी लिहून ठेवते, कोणी शोधत आलं तर. २०१९ साली आयपॅडओएस १३ (आयपॅडची प्रणाली) आलं तेव्हापासून सफारी, म्हणजे आयपॅडचा ब्राउझर, आपणहून डेस्कटॉपचं पान मागते. त्यामुळे आमचं ब्राउझरमध्येच कितीतरी वर्षं चाललं होतं. आयपॅडचं वेगळं व्हॉट्सॲप ॲप आलं ते यंदा मे महिन्यात. २००९ सालची कंपनी, आयपॅड २०१० चा, आणि ॲप २०२५ मध्ये! आमच्या मडगावात पूलसुद्धा याच्यापेक्षा लवकर होतो.

(पुलाचं हलके घ्या.)

माझा आयपॅड जुना, नवं ॲप त्यावर चढत नाही. म्हणून मी अजून सफारीच. व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करायला पहिल्यांदा मायक्रोफोनची परवानगी विचारते, ती 'नको' म्हटली तर नंतर बटण दाबत बसायचं आणि काहीच होत नाही. मी तसं चार दिवस केलं. शेवटी लेकीने बघितलं आणि काही न बोलता परवानगी देऊन गेली. ते 'काही न बोलता' जास्त लागलं.

---

रानवारा | सकाळी ९:०३

जुन्या लोकांना आठवत असेल, २०१५ च्या जानेवारीत वेब व्हॉट्सॲप आलं तेव्हा फक्त क्रोममध्ये चालायचं आणि आयफोनवाल्यांना ऑगस्टपर्यंत थांबायला लागलं होतं. तेव्हा ते खरं तर फोनचा आरसा होतं. फोन बंद की वेब बंद. ऑफिसात वर ती पिवळी पट्टी यायची, फोन कनेक्टेड नाही म्हणून. मग उठून चार्जिंगला लावलेला फोन हलवून बघायचा. जणू हलवल्याने नेट येतं.

जुलै २०२१ मध्ये मल्टि-डिव्हाइसची चाचणी सुरू झाली आणि ते बदललं. आता प्रत्येक जोडलेल्या यंत्राची स्वतःची किल्ली असते, मेसेज त्याला थेट येतो, मधे फोन लागत नाही. फोनशिवाय आणखी चार यंत्रं जोडता येतात. आईंचा फोन बंद पडला तरी टॅब चालेल.

---

ओहायोकर | सकाळी ९:४८

...चौदा दिवस.

फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर जोडलेली सगळी यंत्रं बाहेर फेकली जातात. माझा भारतातला नंबर जुन्या फोनमध्ये आहे, फोन कपाटात, हिवाळी कपड्यांखाली. घरचा ग्रुप मी टॅबवर ब्राउझरमध्येच वाचतो. एकदा तीन आठवडे फोन चालूच केला नाही. टॅब उघडला तर क्यूआर कोड समोर. तोवर नाशकात चुलतभावाचा साखरपुडा ठरून, होऊन, जेवणावळीचे फोटोही पडून गेले होते. काकूंना अजून वाटतं मी मुद्दाम अभिनंदन केलं नाही.

आता कॅलेंडरमध्ये दर रविवारी 'फोनला ऊन दाखव' असं लिहून ठेवलंय.

---

काथ्याकूट | सकाळी १०:१०

आणि आता त्या चौदा दिवसांचंही विसरा. दूरसंचार विभागाचा २८ नोव्हेंबरचा आदेश कोणी वाचलाय का? नोंदणी ज्या सिमवर आहे ते सिम फोनमध्ये नसेल तर ॲप चालू द्यायचं नाही, आणि वेबवरचं सत्र जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद करायचं, परत क्यूआर स्कॅन. कंपन्यांना ९० दिवस दिलेत. म्हणजे सांजवाततैंच्या मातोश्रींनी दिवसातून चार वेळा टॅबला फोन दाखवायचा. औषधाच्या गोळ्यांबरोबर.

---

ओहायोकर | सकाळी १०:१९

मग माझं कपाटातलं सिम... कठीण आहे.

---

उंबरठा | सकाळी ११:०२

@काथ्याकूट, तो आदेश फसवणुकीसाठी आहे. डिजिटल अरेस्टवाले, म्हणजे खोटे पोलीस बनून फोनवर पैसे उकळणारे, भारतातल्या सिमवर खातं उघडतात, सिम काढून टाकतात आणि परदेशात बसून चालवतात. त्यांना अडवायचं तर कुठेतरी बंधन येणारच.

---

काथ्याकूट | सकाळी ११:२०

चोराला अडवायला आख्ख्या गल्लीला कुलूप. माझ्या ऑफिसात तीस माणसं दिवसभर वेबवर काम करतात. दर सहा तासांनी तीसही जण फोन वर करून उभे राहणार, राष्ट्रगीताला उभे राहतात तसे.

---

उंबरठा | सकाळी ११:२६

एका गैरसोयीच्या बदल्यात कोणाच्या वडिलांची आयुष्यभराची पुंजी वाचत असेल तर मी दिवसातून चार वेळा फोन वर करीन.

---

ढवळ्या_पवळ्या | सकाळी ११:२९

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

---

झेरॉक्सवाला_बंड्या | दुपारी १:१५

जेवायची सुट्टी आहे म्हणून लिहितो. माझं तहसील कार्यालयाबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. वेब व्हॉट्सॲपवरच धंदा चालतो असं म्हणा. लोक सातबारा, आधार, दाखले माझ्या नंबरवर पाठवतात, मी काउंटरवरच्या टॅबमध्ये ब्राउझरवर उघडतो, तिथून प्रिंट. कॉम्प्युटर जुना झाला तेव्हा टॅब घेतला, जागा कमी लागते. प्रिंटर वायफायचा असेल तर टॅबवरून नीट प्रिंट निघते.

पण सहा तासांच्या भांडणात मी उंबरठा साहेबांच्या बाजूचा. कारण सांगतो. काही लोकांना मला नंबर द्यायचा नसतो. ते म्हणतात, 'थांबा, मीच लॉगिन करतो', माझ्या दुसऱ्या टॅबवर क्यूआर स्कॅन करतात, प्रिंट घेतात, पैसे देतात आणि निघून जातात. लॉगआऊट कोण करणार? मी! दिवसाला दोन-तीन तरी. एका बाईंचं तर मुलीच्या स्थळाबद्दलचं सगळं बोलणं स्क्रीनवर उघडं होतं आणि मागे रांगेत त्यांच्याच गावचे लोक. मी पटकन टॅब पालथा घातला. प्रत्येक दुकानदार घालेलच असं नाही.

सगळ्यांनी आत्ता फोन काढा, लिंक्ड डिव्हायसेस उघडा, आणि तिथे काय काय आहे ते बघा. ओळखीचं नसेल त्यावर बोट ठेवून लॉगआऊट करा.

---

तिरफळ | दुपारी १:४०

बघितलं. एक 'विंडोज' निघालं, मार्चमधलं. पणजीतलं प्रिंटचं दुकान असणार. आई गं.

---

मास्तर_झेडपी | दुपारी १:५२

माझ्यात केंद्रप्रमुखांच्या ऑफिसचा कॉम्प्युटर निघाला. म्हणजे साहेब माझे मेसेज वाचू शकत होते का? मी शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते... जाऊ दे. लॉगआऊट केलं.

---

ढवळ्या_पवळ्या | दुपारी १:५५

मास्तर, पुढच्या बदलीचं ठिकाण कळवा.

---

शेवग्याची_शेंग | दुपारी ३:३०

मी वेगळाच मूर्खपणा केला होता, तो लिहिते म्हणजे कोणी करणार नाही. टॅबवर ते डेस्कटॉप साइटचं माहीत नव्हतं. प्ले स्टोअरवर 'टॅबसाठी वेब' अशा अर्थाचं कुठलंसं ॲप दिसलं, हिरवा लोगो, अगदी खरं वाटावं असा. टाकलं, क्यूआर स्कॅन केला, चाललंही. पण दर दोन मेसेजला एक जाहिरात, आणि ॲपला माझे कॉन्टॅक्ट, फोटो, सगळ्याची परवानगी हवी. नवऱ्याने बघितल्यावर ओरडला. ही ॲप आतून तेच वेबचं पान दाखवतात, मधल्या मधे आपलं बोलणं तिसऱ्याच्या चौकटीत. जे ब्राउझरमध्ये फुकट होतं त्याच्यासाठी मी घराची किल्ली दिली होती.

बादवे, सिग्नल हे मेसेजचं ॲप वापरणाऱ्यांनी ते ब्राउझरमध्ये शोधू नका, त्यांची वेब आवृत्ती नाहीच. टेलिग्रामची आहे, आणि त्याचं सगळं बोलणं त्यांच्या सर्व्हरवर असल्यामुळे कुठल्याही यंत्रावर जुनंपानं सगळं येतं. सोय आहे, पण साधं बोलणं तिथे दोन टोकांमध्ये कुलूपबंद (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) नसतं.

---

सांजवात | १३ डिसेंबर, रात्री १०:४०

मिरजेहून लिहितेय. वृत्तांत.

डेस्कटॉप साइट, झूम १५०, आडवा टॅब, होम स्क्रीनवर खूण, सगळं मास्तर म्हणाले तसं. क्यूआर पहिल्या फटक्यात. आईने चष्म्याशिवाय मामीचा अख्खा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. मामीने त्यात माझ्याबद्दल लिहिलं होतं, ते सोडून देऊ.

आता घोटाळा. आईने भजनी मंडळाच्या ग्रुपवर नवा अभंग टाइप करून टाकायला घेतला. दर ओळीनंतर ती एंटर दाबते, वहीत लिहिताना खाली येतो तसं. वेबमध्ये एंटर म्हणजे पाठव! चौदा ओळी, चौदा मेसेज. चौथ्या ओळीला एका काकूंनी 'रामकृष्णहरी' लिहिलं, सातव्याला कोणीतरी हात जोडले, अकराव्याला मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, 'अहो, फोन थांबेना, काय झालंय?' ओळ खाली घ्यायला शिफ्ट आणि एंटर म्हणतात, पण टॅबच्या पडद्यावरच्या कीबोर्डला ते जमत नाही. काही उपाय?

दुसरं, मेसेज आला तरी टॅब वाजत नाही. ब्राउझर उघडून बघितलं तरच कळतं.

---

मास्तर_झेडपी | रात्री १०:५८

चौदा मेसेज!! अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा.

ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर शिफ्ट-एंटर चालतं. मी सरळ नोट्समध्ये लिहितो आणि तिथून उचलून चिकटवतो, ओळी जशाच्या तशा राहतात. वेबच्या सेटिंग्जमध्येही एंटरने पाठवायचं की नाही याचा पर्याय असतो, तो बघा सापडतोय का.

न वाजण्याचं कारण अँड्रॉइड. मागे पडलेलं ब्राउझरचं पान बॅटरी वाचवायला झोपवलं जातं. कायम वाजायला हवं असेल तर ॲपच लागेल.

---

रानवारा | रात्री ११:१५

थांबा थांबा. मी पूर्ण धागा आत्ता परत वाचला. सांजवाततै, भाचीचा पासवर्ड माहीत नाही म्हणून प्ले स्टोअर बंद, असं तुम्ही म्हणालात. पण टॅब उघडतोय ना? मग सेटिंग्जमध्ये जाऊन दुसरं गूगल खातं जोडा, आईचं. जुनं काढायची गरजच नाही. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यात गोल चित्रावर दाबून आईचं खातं निवडा आणि व्हॉट्सॲप टाका. उघडल्यावर नंबर न टाकता 'जोडलेलं यंत्र म्हणून' वापरायचा पर्याय घ्या. नंबर टाकलात तर फोनवरचं बंद होईल, तेवढं जपा.

फक्त टॅब रीसेट करू नका, नाहीतर तो भाचीचाच पासवर्ड मागत बसेल आणि मग खरंच वीट होईल त्याची, म्हणजे काही कामाचा उरणार नाही.

---

उंबरठा | रात्री ११:१९

अरेच्चा. आठ दिवस, एवढे प्रतिसाद, आणि हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही.

---

काथ्याकूट | रात्री ११:२२

मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं मूळ प्रश्न चुकलाय.

---

ढवळ्या_पवळ्या | रात्री ११:२३

तुम्ही दोरी म्हणाला होतात.

---

सांजवात | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:०५

रानवारा, दंडवत. सकाळी दहा मिनिटांत ॲप बसलं. अक्षरं मोठी, एंटरने ओळ खाली येते, आणि मेसेज आला की वाजतं.

दुपारी जेवून उठले तर आई परत ब्राउझरवाल्या खुणेवर बोट ठेवून बसलेली. म्हटलं, अगं, नवीन टाकलंय ना, ते वाजतं पण. तर म्हणाली, 'म्हणूनच. ते सारखं बोलावतं. हे मला वाटेल तेव्हा मी उघडते, पेपरसारखं.' म्हणजे दोन्ही ठेवलंय. मंडळाचा अभंग ॲपमधून, बाकी सगळं ब्राउझरमधून. सहा तासांचा नियम लागू झालाच तर शेजारचा बारावीतला मुलगा येऊन स्कॅन करून देईल, त्याला तसंही रोज चहाला बोलावते.

चष्मा देवघरातच आहे.

---

ढवळ्या_पवळ्या | संध्याकाळी ५:११

आणि टॅब?

---

सांजवात | संध्याकाळी ५:१४

...तोही. चार्जिंगचा पॉइंट तिथेच आहे म्हणे.